९ बाय १०ची बेडरूम आणि त्यात ६ बाय साडेसहाचा पलंग, मार्ग सुचवा

मोरपंखी
नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके आहे. बिल्डरच्या कागदावर बेडरूम ९ बाय १०, काल टेप लावून मोजली तर ८ फूट १० इंच बाय १०. त्यात सासऱ्यांच्या वेळचा सागवानी पलंग ६ बाय साडेसहा, माझ्या आईने लग्नात दिलेलं गोदरेजचं कपाट, पायाने चालवायचं शिवणमशीन (चालू आहे, फॉल-बिडिंगची कामं घेते) आणि लेकीची पुस्तकं. लेक चौथीत आहे, तिला अभ्यासाला टेबल हवंय. आम्ही तिघं आत झोपतो, सासूबाई हॉलमध्ये दिवाणावर.
मुख्य वैताग असा की खोलीचं दार आत उघडतं आणि पलंगाच्या कोपऱ्यावर आपटतं त्यामुळे अर्धंच उघडतं, आणि कपाट उघडायचं तर आधी खोलीचं दार लावावं लागतं. म्हणजे साडी काढायची तर आधी स्वतःला कोंडून घ्यायचं. बजेट ३५ हजार, वर एक रुपया नाही. हायड्रॉलिक बॉक्स बेड घ्यावा की सुताराकडून भिंतभर वॉर्डरोब करून घ्यावा? खिडकी पश्चिमेला, तिच्याखाली पावसाळ्यात थोडी ओल येते.

निवांत
हायड्रॉलिक घे डोळे झाकून. आम्ही दोन वर्षांपूर्वी घेतला, ६२ हजार गेले गादीसकट पण एका बोटाने उघडतो, रजया, बॅगा, गणपतीचं मखर, नवऱ्याची जुनी कॉलेजची पुस्तकं (जी तो कधीच वाचणार नाही) सगळं आत. पाहुणे विचारतात तुमचं सामान कुठे असतं.

मोरपंखी
निवांत, ३५ म्हटलंय गं मी.

निवांत
हो गं पण एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्यावं ना. ईएमआयवर मिळतो.

चकलीचा_सोऱ्या
हायड्रॉलिकच्या नादी लागू नका. आमच्याकडे होता. पहिलं वर्ष एका बोटाने उघडायचा, दुसऱ्या वर्षी दोन हातांनी, तिसऱ्या वर्षी मी वाकून आतली चादर काढत असताना वरचा पाट सावकाश खाली यायला लागला, पाठीवर. ओरडले तर घरात कोणी नाही, सरपटत बाहेर आले. दुकानदार म्हणतो तुम्ही जड गादी घातलीत. अहो मग विकताना विचारायचंत ना गादी कोणती आहे ते. नारळाच्या काथ्याची होती, चांगली सहा इंची. त्यापेक्षा साधे ड्रॉवरवाले बेड बरे.

काडीपेटी
ड्रॉवर उघडायला बाजूला दीड-दोन फूट जागा लागते हो, ती असती तर बाईंनी धागा कशाला काढला असता.

सनमायका_सम्राट
मी याच लाइनीत आहे म्हणून सांगतो. बेडचा पाट उचलणारा गॅस पंप किती न्यूटनचा, म्हणजे किती जोराचा हवा ते पाट अधिक गादी यांच्या वजनावर ठरतं. हलका पंप आणि जड गादी असेल तर वर दिलेला प्रकार होणारच, त्यात हायड्रॉलिकचा दोष नाही. हात घालायच्या आधी आतला अडसर लावायचा, तो नसेल तर तसला बेड घेऊच नका.
वॉर्डरोबचं म्हणाल तर हँगर आडवा राहायला आतून दोन फूट खोली लागते, सरकत्या दारांचा केला तर अजून दोन इंच धरा. ८ फूट १०मधले दोन फूट भिंतभर दिले की पलंगाशेजारून चालायला काय राहिलं ते तुम्हीच मोजा. ३५ हजारांत भिंतभर वॉर्डरोब करून देतो म्हणणारा तुम्हाला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला तक्ता) देणार, आणि ओल येणाऱ्या भिंतीला एमडीएफ लावलं की दोन पावसाळ्यांत पुरीसारखं फुगतं. त्या भिंतीला लावायचंच तर आयएस ७१०चा मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा), तोही भिंतीपासून दोन इंच सोडून. आणि आधी ओल काढा, प्लाय नंतर.

चकलीचा_सोऱ्या
माझ्या पाठीचा दोष म्हणजे.

टोरांटोकर_बंड्या
इथे आमच्या अपार्टमेंटात मर्फी बेड आहे. सकाळी उचलून भिंतीत उभा केला की खोली मोकळी, मी तिथेच ऑफिसचं काम करतो. भारतात लोक अजून पलंगात अडकलेत. बघा मिळतो का.

काडीपेटी
मिळतो रे बंड्या, भारतातही मिळतो, नुसता सांगाडाच बाईंच्या बजेटच्या दुप्पट. आणि तो भिंतीला ठोकायचा असतो. जुन्या बिल्डिंगची चार इंची विटांची भिंत, ड्रिल लावलं की वाळू गळते. आमच्याकडे साधं पुस्तकांचं फळकूट रात्री दोनला प्लास्टरसकट खाली आलं होतं, खाली मांजर होती. वाचली. आता ती त्या भिंतीकडे बघतसुद्धा नाही.

बंकर_बाबा
बंक बेड! खाली टेबल वर लेक. आमच्या दोघा मुलांना घेतलाय, २४ हजार. भांडणं फक्त वर कोण यावरून.

गुळपोळी
बंक बेड घ्याल तर पंखा कुठे आहे ते आधी बघा!!! पोरगं सकाळी उठून आळस देतं तेव्हा हात कुठे जातो? आमच्या शेजारच्यांनी शेवटी छताचा पंखा काढून भिंतीवरचा लावला आणि आता तिघांनाही वारा लागत नाही.

बंकर_बाबा
आमच्याकडे एसी आहे.

वास्तूप्रेमी
पलंग कुठल्या दिशेला आहे ते लिहिलं नाहीत. उत्तरेला डोकं करून झोपू नये. आणि गोदरेजच्या कपाटाला आरसा असेल तर तो पलंगासमोर नको, त्याने घरात कटकटी होतात.

काडीपेटी
८ फूट १०मध्ये चार दिशा मावल्या हेच नशीब समजा.

वास्तूप्रेमी
चेष्टा करा. अनुभव आल्यावर कळेल.

नियम_क्र_१
एक माहिती. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे घरात राहायच्या दोन खोल्या असतील तर एक किमान साडेनऊ चौरस मीटरची हवी आणि दुसरी साडेसातची. धागाकर्तीची खोली साधारण ८.२ चौरस मीटर भरते, म्हणजे नियमात बसते.

मोरपंखी
धन्यवाद. सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या कोडवाल्यांना हा पलंग दाखव.

नायगावकर_अप्पा
तुम्हा लोकांचं बघून गंमत वाटते. मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. एक खोली, १६० चौरस फूट, त्यातच मोरी, त्यातच स्वयंपाक, त्यातच माझ्या दोन बहिणींची बघण्याचे कार्यक्रम आणि आम्ही नऊ जण. पलंग एकच, तो आजोबांचा, त्याच्या पायांखाली विटा लावून उंच केलेला आणि खाली अख्खं कोठार, धान्याच्या कोठ्यांमागे माझं अंथरूण. सकाळी सहाला वळकट्या बांधून माळ्यावर गेल्या की घर मोकळं. पुरुष माणसं उन्हाळ्यात गॅलरीत झोपायची. कोणी हायड्रॉलिक आणलं नव्हतं.
तर विटा लावा. पलंग नऊ इंच उंच करा, खाली ट्रंका सरकवा. खर्च शून्य.

गुळपोळी
अप्पा विटांनी पलंग डुगडुगतो हो, लहान मूल झोपतंय त्यावर. लाकडी ठोकळे करून घ्यावेत, पाय आत बसतील अशी खाच पाडून. बाकी कल्पना चांगली आहे.

निवांत
मी पण हेच म्हणते, पलंगाखालची जागा वापरा. म्हणूनच हायड्रॉलिक.

सुईदोरा
मोरपंखी, ते गोदरेज भंगारात दे बघू. तीन फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच, वर चार बॅगा रचलेल्या असणार (असतातच), खोली दिसायलाच कोंदट होते. मी दिलं, किलोवर घेतात, फार काही येत नाही पण सुटका होते. आणि कपडे व्हॅक्यूमच्या पिशव्यांत भर, अर्धी जागा वाचते. फक्त पैठण्या आणि रेशमी साड्या त्यात नको, माझ्या आईच्या साडीची घडी अशी बसली की इस्त्रीनेसुद्धा गेली नाही आणि घडीवर जरतार काळी पडली.

सनमायका_सम्राट
गोदरेज काढा याला सहमत.

बंकर_बाबा
+१ कपाट काढा.

पाटणची_पोर
मी इतकं वाचलं आणि कोणीच विचारलं नाही म्हणून विचारते ताई, खोलीचं दार कोपऱ्यात आहे का? आणि बिजागऱ्या कोपऱ्यातल्या भिंतीच्या बाजूला आहेत की पलंगाच्या बाजूला?

मोरपंखी
कोपऱ्यातच आहे. बिजागऱ्या… थांब बघून येते. पलंगाच्या बाजूला.

पाटणची_पोर
मग ताई सुताराला बोलवा आणि बिजागऱ्या भिंतीच्या बाजूला घ्या. चौकटीला खाच दोन्ही बाजूंनी असतेच, फळी तीच, फक्त कडी-कुलूप इकडचं तिकडे आणि जुन्या भोकांत लाकडाची पाचर मारायची. दार उघडलं की भिंतीला चिकटून उभं राहतं, खोलीत येतच नाही. अडीच फुटाचं दार फिरायला पाच चौरस फूट जमीन खातं, आमच्या सुताराने खडूने फरशीवर अर्धचंद्र काढून दाखवला होता मला. अर्धा दिवस लागला, १२०० घेतले. आम्ही भाड्याच्या घरात केलं, मालकाला विचारून. दारामागे कपाट मात्र ठेवू नका, तिथे खुंट्या मारा.

वास्तूप्रेमी
दार कुठल्या बाजूला उघडतं यालाही शास्त्र आहे.

काडीपेटी
आता कळलं अनुभव कसा येतो ते.

टोरांटोकर_बंड्या
इकडे सरकती दारं असतात, भिंतीच्या आत जातात.

नियम_क्र_१
एक प्रश्न, सोसायटी किती वर्षांची? डोंबिवली पूर्वेला निम्म्या बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटच्या रांगेत आहेत.

मोरपंखी
३३ वर्षांची. गेल्या महिन्यातच जनरल बॉडी झाली, पीएमसी (प्रकल्प सल्लागार) नेमलाय. पण आमच्याकडे २ वर्षं नुसती चर्चाच चालू होती, त्यामुळे मी धरूनच चालले होते की काही होत नाही.

नियम_क्र_१
हे पहिल्या ओळीत लिहायचं हो! भिंतीला ठोकलेलं एकही काम करू नका. सहकारी संस्था कायद्याच्या ७९अ खालची रिडेव्हलपमेंटची प्रक्रिया सुरू झाली की वेळ लागतो हे खरं, पण घर रिकामं करायची वेळ आली की भिंतभर वॉर्डरोब तिथेच सोडून जावा लागतो, नवीन घराचं माप वेगळं आणि मधली तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात काय आकाराची खोली मिळेल कोणाला माहीत. जे उचलून नेता येईल तेच घ्या.

सनमायका_सम्राट
रिडेव्हलपमेंट असेल तर मी स्वतः सांगतो करू नका. माझं नुकसान आहे तरी सांगतो.

चकलीचा_सोऱ्या
आमच्या सोसायटीचंही चाललंय. बिल्डरने आधी ४० टक्के जादा एरिया सांगितला, मग ३२, आता म्हणतो बाल्कनी धरून. कोणी अनुभवी आहे का?

(यानंतरचे अकरा प्रतिसाद बाल्कनी धरावी की धरू नये यावर झाले. त्यात नियम_क्र_१ आणि काडीपेटी एकमेकांना 'साहेब' म्हणू लागले तेव्हा संपादकांनी ते वेगळ्या धाग्यावर हलवले.)

मोरपंखी
मंडळी, १२ दिवसांनी येतेय. झालं ते सांगते, रागावू नका.
दाराच्या बिजागऱ्या बदलल्या. सुताराने १५०० घेतले, पाटणची पोर तुला साष्टांग. दार पूर्ण उघडलं तेव्हा सासूबाई उठून बघायला आल्या, म्हणाल्या वीस वर्षांत या खोलीची ही भिंत मी पाहिलीच नव्हती.
कपाट भंगारात दिलं नाही. सगळ्यांनी सांगितलं तरी. आईने त्यासाठी भिशीचे दोन हप्ते घातले होते, आणि खरं सांगू का, भाड्याच्या घरात नेताना तेच एक सामान जसंच्या तसं जाईल.
पलंग काढला. विकला नाही, गावी पाठवला. मे महिना असल्याने दिरांच्या ओळखीचा टेम्पो राजापूरहून आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला आला होता, परतीला रिकामाच जाणार होता, त्याने २५०० रुपयांत नेला. पलंगाच्या खुंट्या काढायला नवऱ्याला आणि भाच्याला पूर्ण रविवार गेला, एक खुंटी शेवटपर्यंत निघाली नाही, ती तशीच ठेवून बाजूची फळी तिरकी करून जिन्यातून उतरवली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीची कुंडी फुटली, नवीन आणून दिली.
आता आम्ही खाली झोपतो. जुन्या कापसाच्या दोन गाद्या पिंजून घेतल्या, १८००. दिवसा वळकटी करून हॉलच्या दिवाणावर, सासूबाईंना टेकायला लोड झाला. शिवणमशीनचं झाकण बंद केलं की लेकीचं टेबल. ती पायटा हलवत पाढे म्हणते आणि त्यामुळे माझा पट्टा दोनदा निसटला, पण बसते तरी. सगळं मिळून सहा हजारांच्या आत झालं.

निवांत
अगं काय हे, पलंगच काढलास? चाळिशीनंतर गुडघे बोलायला लागतील तेव्हा कळेल खाली झोपणं म्हणजे काय ते.

गुळपोळी
पावसाळ्यात फरशीला घाम येतो, गाद्यांना खालून बुरशी धरेल. खाली नुसती चटई पुरणार नाही, प्लायचा तुकडा टाका, नाहीतर रोज उभ्या करून ठेवा. माझ्या वाचायच्या खोलीत झालंय.

मोरपंखी
रोज उचलतेच गं. गुडघ्यांचं निवांत म्हणते ते खरंय, नवरा आत्ताच उठताना भिंत धरतो. बघू, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तरी.

नायगावकर_अप्पा
शाब्बास.

वास्तूप्रेमी
डोकं कुठल्या दिशेला?

मोरपंखी
दक्षिणेला. दारामुळे.

नवा_गडी_९१
धागा वाचला नाही पूर्ण पण माझं मत, हायड्रॉलिक बेड घ्या, भरपूर सामान मावतं.

सुईदोरा
मोरपंखी तो टेम्पोवाला अजून आहे का? लांज्याला एक फ्रिज पाठवायचाय, उभाच न्यावा लागेल.