मदत हवी आहे : बेळगावात जेवण चांगलं आणि घरच्यांना अवघडल्यासारखं होणार नाही असा पब

डिसेंबरमधल्या एका शनिवारी रात्री आम्ही ८ जण बसणार आहोत. निपाणीहून मामा-मामी, चोर्ला घाटातून गोव्याहून येणारी मावसबहीण आणि तिचा नवरा, बाकी आम्ही टिळकवाडीतले. घेणारे निम्मेच, उरलेले लिंबू सोड्यावर. पण जेवायला सगळे पक्के. त्यामुळे किचन आधी, बार नंतर.

कॅम्प आणि काँग्रेस रोडच्या बाजूला काही ठिकाणी डोकावून आलो. एकीकडे स्टार्टर झकास, पण डीजेमुळे शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागतं. दुसरीकडे ‘फॅमिली सेक्शन’ म्हणजे प्लायवूडचे अंधारे खण, बायकांना कोंडून ठेवल्यासारखे. शिवाय दारू मागवली नाही की वेटर टेबलाकडे फिरकतच नाही, हे तर फारच खटकलं. ऑनलाइन रेटिंग बघितली, पण फोटो सगळे कॉकटेलचे, सुक्या मटणाचा एकही नाही!

मामी शाकाहारी, त्यांना गोबी मंचुरियनच्या पलीकडे काहीतरी मिळायला हवं. मामांचे गुडघे दुखतात, म्हणून रूफटॉप असेल तर लिफ्ट हवीच. बजेट दारू सोडून माणशी हजार-बाराशे. सुवर्णसौधात, म्हणजे इथल्या विधानसभेच्या इमारतीत, अधिवेशन असलं की शहर भरलेलं असतं, तेव्हा टेबल आधी राखून ठेवता आलं पाहिजे. ‘त्यापेक्षा गोव्यालाच जा की’ हे कृपया सुचवू नका.

अलीकडे स्वतः जेवून आलेल्यांनीच सांगा : शनिवारी आठनंतरही आवाज बेताचा असतो आणि न पिणाऱ्यांनाही नीट विचारतात, असं ठिकाण कोणतं? आणि तिथं काय मागवावं?