फझी म्हणजे धूसर? आणि पॅकेट ‘ड्रॉप’ला मराठीत काय म्हणायचं?

राउटर, म्हणजे नेटवर्कवर डेटाची पॅकेटं (छोटे तुकडे) पुढे पाठवणारं यंत्र, त्यातल्या रांगेवर मराठीत लिहितेय आणि दोन शब्दांवर अडलेय. फझी लॉजिकला धूसर तर्क म्हणायला मन धजत नाही, कारण त्यातलं गणित अजिबात धूसर नसतं. समजा रांगेत 100 पॅकेटं मावतात आणि आत्ता 70 आहेत, तर ती रांग ‘मध्यम’ 0.4 आणि ‘लांब’ 0.6, इतकं नेमकं मोजलेलं असतं. दुसरा शब्द ड्रॉप, म्हणजे पॅकेट पुढे न पाठवता काढून टाकणं. ‘राउटरने पॅकेट टाकलं’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार रांगेत टाकलं, म्हणजे बरोब्बर उलटा अर्थ!

—

धूसर नकोच. लोत्फी झादेंनी 1965 मध्ये फझी सेट मांडले त्याचा गाभाच हा की एखादी गोष्ट गटात आहे का नाही एवढ्यावर थांबायचं नाही, किती अंशी आहे ते सांगायचं. त्याला आपल्याकडे शब्द तयार आहे की, तारतम्य! ‘तारतम्याने घ्या’ म्हणजे कमीजास्त बघून ठरवा. तरतम तर्क म्हणा.

ड्रॉपला ‘गाळणं’ घ्या. यादीतून नाव गाळलं म्हणजे कुणीतरी ठरवून काढलं, आणि गळणं आपोआप होतं. हा फरक तुमच्या विषयात फार कामाचा आहे, कारण साध्या राउटरमध्ये रांग काठोकाठ भरली की मागून येणारी पॅकेटं नुसती गळतात, मग टीसीपी या डेटा पोचवायच्या पद्धतीने पाठवणारे बरेच जण एकदमच वेग कमी करतात आणि नंतर एकदमच वाढवतात, पुन्हा तेच. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी 1993 मध्ये रेड (रँडम अर्ली डिटेक्शन) ही रांग सांभाळायची पद्धत मांडली त्यात राउटर रांग भरायच्या आधीच एखाददुसरं पॅकेट गाळायला लागतो.

—

गाळणं एकदम फिट बसलं! रेडमध्ये रांगेच्या सरासरी लांबीला दोन उंबरठे असतात, ते आकडे हाताने बसवायचे आणि ट्रॅफिकचा रंग बदलला की ते नीट लागू पडत नाहीत, म्हणून तर लोक फझीकडे वळले. आता नियम लिहून बघितले: ‘रांग लांब आहे आणि भराभर वाढतेय, तर भरपूर गाळ’, ‘रांग लांब आहे पण ओसरतेय, तर हात राखून गाळ’. ओसरतेय आपसूकच आलं बघा. पण शेवटी सगळ्या नियमांचं वजन धरून गाळायच्या शक्यतेचा एकच आकडा काढतात, त्या डीफझिफिकेशनला काय म्हणू?

—

निवाडा. प्रत्येक नियम आपापल्या जोरावर म्हणणं मांडतो, शेवटी निवाडा एकच. फक्त ईसीएन (न गाळता कोंडीची सूचना द्यायची सोय) चालू असेल तिथे गाळणं लिहू नका, तिथे राउटर पॅकेटवर खूण करून पुढे सोडतो. आणि कंजेशनला कोंडीच ठेवा, तुंबणं रांगेसाठी. रांग तुंबते, नेटवर्कची कोंडी होते.