दीड तासाचा कार्यक्रम आणि एकच दुभाषी: हे बंद व्हायला हवं का?

गोदाकाठ

माझी मागणी सरळ आहे. नाशिकमध्ये तासाभराहून मोठ्या कोणत्याही कार्यक्रमाला सांकेतिक भाषेचे, म्हणजे वक्त्याचं बोलणं कर्णबधिरांना हातांच्या खुणांनी सांगणारे, दोन दुभाषी असावेत. त्यांनी दर पंधरा-वीस मिनिटांनी आलटून पालटून काम करावं आणि मानधन दोघांना पूर्ण मिळावं. मग ती ग्रामसभा असो, महाविद्यालयातली कार्यशाळा असो किंवा अंबडच्या कारखान्यातलं सुरक्षा प्रशिक्षण.

सलग खुणा करून दुभाष्याचे हात दुखावतात, आणि ‘हात दुखतात, थोडं बाम लावा’ इतका हा साधा प्रकार नाही. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या आठ कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या), अंगठ्याची एक कंडरा आणि मीडियन नावाची नस, म्हणजे मज्जातंतू, अशी गर्दी जाते. मनगट वाकलेलं असताना बोटं तासन् तास भराभर हलली की कंडरांचं आवरण सुजतं. हाड मागे सरकत नाही, म्हणून दाब नसेवर येतो. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका बधिर होते, आणि रात्री जास्त. अंगठ्याच्या मुळाशी दोन कंडरा एकाच आवरणातून सरकतात. ते आवरण जाड झालं की बाटलीचं झाकण उघडतानाही कळ येते, त्याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. कोपर सतत वाकलेलं राहिलं की आतल्या बाजूची अल्नर नस ताणली जाते आणि करंगळीला मुंग्या येतात.

१९९२ मध्ये अमेरिकेत फॉयरस्टाइन आणि फिट्झजेराल्ड या संशोधकांनी दुखणं असलेल्या आणि नसलेल्या दुभाष्यांच्या हालचाली काम चालू असताना तपासल्या. दुखणं असलेल्यांमध्ये विश्रांतीचे क्षण कमी होते, मनगट सरळ रेषेतून जास्त वळत होतं, हात सोयीच्या चौकटीबाहेर जास्त वेळा जात होते आणि वेग जास्त होता. यातला वेग वक्ता ठरवतो आणि विश्रांती आयोजक ठरवतो. म्हणून ही जबाबदारी आयोजकाचीही आहे, असं माझं ठाम मत आहे.

सातपूरकर

हेतू चांगला आहे, पण मागणी या जिल्ह्यात चालणारी नाही. प्रशिक्षित दुभाषी मोजके आहेत. मालेगाव, सटाणा, इगतपुरी, सुरगाणा इथून बोलावणं आलं की एक माणूस मिळवतानाच दमछाक होते. ‘दोघे नाहीत तर कोणीच नको’ असा नियम झाला तर त्याची किंमत त्या दिवशी समोर बसलेल्या कर्णबधिर माणसाला मोजावी लागेल. आयोजक दुभाष्याची ओळ पत्रिकेतून काढून टाकेल आणि मोकळा होईल.

शिवाय ‘तासाभराहून मोठा’ हे मापच चुकीचं आहे. सिव्हिल हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात दुभाषी तीन तास असतो. प्रत्यक्ष खुणा करतो तो पंधरा मिनिटं, बाकी वेळ केसपेपर आणि रांग. तिथे दोघे कशाला? उलट पन्नास मिनिटांचं भाषण घड्याळात तासाच्या आत बसतं, पण वक्ता श्वास न घेता बोलत असेल तर त्या पन्नास मिनिटांत हाताला एकदाही उसंत नसते.

खूण_आणि_अर्थ

कर्णबधिर वाचक म्हणून लिहितो. दुभाष्यांची मनगटं सांभाळली पाहिजेत, यावर वाद नाही. पण हा विषय निघाला की लगेच दुसरा सल्ला येतो: ‘खुणा लहान करा, हात कोपरापासून फार हलवू नका.’ याला माझा विरोध आहे.

आपल्या सांकेतिक भाषेत जागा हे व्याकरण आहे. कोणी कोणाला दिलं, कोण कुठे उभं होतं, आधी काय आणि नंतर काय, हे हात कुठून कुठे जातो त्यावर ठरतं. खूण आकसली की नुसती नक्षी लहान होत नाही, वाक्यच पुसट होतं. कालिदास कलामंदिरात मागच्या रांगेत बसलेल्याला छातीजवळची आखूड खूण दिसतच नाही.

आणि दोन दुभाष्यांबद्दलही एक अडचण आहे. पहिला उत्तम आणि दुसरा कच्चा असला तर दर वीस मिनिटांनी आम्ही खड्ड्यात पडतो. असा बदल होण्यापेक्षा एकच चांगला दुभाषी आणि मध्ये थांबा, हे मला जास्त पटतं.

एक प्रश्नही आहे. आम्ही तर जन्मभर याच हातांनी बोलतो. मग हे दुखणं दुभाष्यांनाच का?

हात_आणि_खांदा

फिजिओथेरपीच्या अंगाने शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो कळीचा आहे.

स्वतःचं बोलताना माणूस थांबतो, ऐकून घेतो, हात मांडीवर ठेवतो, शब्द स्वतः निवडतो. समोरचा बोलत असताना हात पूर्ण सैल असतात. दुभाषी दुसऱ्याच्या वेगाने बोलतो. वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य कानात येतं, म्हणून खूण संपल्यावर हात खाली येतच नाही, हवेतच पुढच्या वाक्याची वाट पाहतो. हा ‘वाट पाहणारा हात’ सगळ्यात धोकादायक. हालचाल दिसत नाही, पण मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू आकसलेलाच राहतो आणि त्यात रक्त नीट फिरत नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की वक्त्याचा वेग वाढला की दुभाष्याच्या मनगटाचा वेग आणि त्वरण वाढतं, आणि मानसिक ताणाचाही मनगटाच्या हालचालीवर वेगळा परिणाम होतो. म्हणजे अनोळखी विषय, न दिलेलं भाषण, पहिल्या रांगेत बसलेले अधिकारी, हे सगळं मनगटात उतरतं.

आता ‘खुणा लहान करा’ या सल्ल्याबद्दल. तो सल्ला चुकीच्या शब्दांत दिला जातो. लहान करायची ती खूण नव्हे, तिच्या शेवटी बसणारा झटका. थकलेला किंवा मागे पडलेला दुभाषी खूण फेकतो आणि टोकाला मनगट टकदिशी थांबवतो. इजा तिथे होते. मोठी खूण खांद्यापासून, सगळा हात वापरून केली तर मनगट सरळ राहतं आणि मागच्या रांगेलाही दिसते. कोपर शरीराला चिकटवून सगळं काम मनगटाकडून करून घेतलं तर खूण लहान दिसते, पण मनगट जास्त वळतं. म्हणजे भाषा आणि मनगट यांचं इथे भांडण नाहीच.

खूण_आणि_अर्थ

झटक्याचा मुद्दा पटला. मग प्रशिक्षणात तो याच शब्दांत शिकवला जावा. ‘लहान करा’ ऐकून शिकणारे आखडूनच जातात.

निफाडकर

सगळं खापर कार्यक्रमांवर फोडणं मला योग्य वाटत नाही. महिन्यातून सहा-सात कार्यक्रम करणाऱ्याचं मनगट त्या सहा-सात तासांनी बिघडतं की रोजच्या मोबाइलने, पोळ्या लाटण्याने, कपडे पिळण्याने आणि नाशिकरोड ते सातपूर मोटारसायकलचा क्लच दाबण्याने? मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही मनगटातली नस दाबली जाते. आधी तपासणी करावी, मग आयोजकाकडे बोट दाखवावं.

हात_आणि_खांदा

तपासणी करावीच. मनगटं पूर्ण वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना मिनिटभर टेकवल्या आणि मुंग्या आल्या तर नस दाबली जात असल्याची शंका घ्यायची. अंगठा मुठीत धरून मूठ करंगळीच्या बाजूला हळूच वाकवल्यावर अंगठ्याच्या मुळाशी तीव्र कळ आली तर ते डी क्वेर्व्हेनकडे निर्देश करतं. पण घरच्या चाचणीवर निदान होत नाही. बधिरपणा दोन-तीन आठवडे टिकला, हातातून वस्तू सुटायला लागल्या किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला तर वाट पाहू नये. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं आणि नसेची वहनचाचणी (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते पाहणारी) करून घ्यावी. सुरुवातीच्या अवस्थेत रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बऱ्याच जणांना पुरते. ती दिवसा घालून खुणा करू नयेत. मनगट अडकलं की कोपर आणि खांदा त्याची भरपाई करतात आणि दुखणं वर सरकतं.

रोजच्या कामांच्या एकूण ओझ्याचा तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण निष्कर्ष उलटा निघतो. पोळ्या, क्लच, मोबाइल यांनी घडा आधीच भरत आलेला असतो, म्हणून शेवटचा सलग दीड तास जास्त महागात पडतो. घरची कामं दुभाष्याने कमी करावीत हे म्हणणं सोपं आहे. पण ते त्याच्या एकट्याच्या हातात नसतं, सलग मिनिटं मात्र आयोजकाच्या हातात असतात.

तुम्ही निफाडकडचे म्हणून एक सांगते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा दहाच्या खाली असतो आणि गार हातांची पकड कडक होते. सकाळच्या कार्यक्रमाआधी तीन-चार मिनिटं कोमट पाण्यात हात धरावेत आणि मंचावर जाईपर्यंत हातमोजे काढू नयेत. मग खांदे गोल फिरवणं आणि बोटांच्या पाच अवस्था: सरळ, हुकासारखी वाकलेली, पूर्ण मूठ, टेबलासारखी नव्वद अंशात, सपाट मूठ. प्रत्येकी पाच वेळा, हळू. गार स्नायूला जोरात ताण देऊ नये.

डावा_हात

शिकवण्याच्या बाजूने काही गोष्टी, कारण इथे कोणी त्या मांडल्या नाहीत.

भारतीय सांकेतिक भाषेतलं इंग्रजी अक्षरलेखन (नाव एकेक अक्षर बोटांनी दाखवणं) दोन हातांचं आहे, अमेरिकेसारखं एका हाताचं नाही. त्यामुळे तिकडची सगळी माहिती इथे जशीच्या तशी लागू होत नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा डावा हात इथे पाटीचं काम करतो: बोटं फाकवून ताठ धरलेली, आणि स्वर त्यांच्या टोकांवर दाखवायचे. दुखणं उजव्या हातात शोधलं जातं आणि डाव्याचा ताण लक्षातच येत नाही. ‘त्र्यंबकेश्वर’ रोमन अक्षरांत तेराच्या आसपास अक्षरांचं होतं. भाषणात ते पंधरा वेळा आलं तर जवळपास दोनशे अक्षरं होतात. म्हणून भाषणातली नावं, गावं आणि संज्ञा दोन दिवस आधी हव्यात. पहिल्यांदा अक्षरं करायची, त्याच वेळी कर्णबधिर श्रोत्यांशी ठरवून एक नावखूण, म्हणजे त्या नावासाठी एकच खूण, घ्यायची आणि पुढे तीच वापरायची. पैसा न घालता ओझं कमी करणारा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

दुसरं म्हणजे इजा कामाला लागायच्या आधीच सुरू होते. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये दिल्लीत झालं, दुभाषीपणाची दोन वर्षांची पदविका आहे. शिकणारे रात्री व्हिडिओ लावून तीन-तीन तास सराव करतात. सराव वीस मिनिटांच्या तुकड्यांत व्हावा आणि मधल्या वेळात फक्त पाहावं, हात मांडीवर ठेवून. पाहून समजणं हाही सरावच आहे.

तिसरं, ऑनलाइन बैठका. लॅपटॉप टेबलावर, कॅमेऱ्याची चौकट छातीपासून वर. मग चौकटीत राहण्यासाठी दुभाषी दोन्ही खांदे उचलून तासभर बसतो आणि कोपरं टेबलाच्या कडेवर टेकवतो, म्हणजे अल्नर नसेवर थेट दाब. चौकटीची खालची कड कमरेपाशी यावी इतका कॅमेरा मागे न्यावा. खुर्ची हात नसलेली, पाय पूर्ण टेकलेले.

सातपूरकर

हे सगळं उपयोगाचं आहे आणि यातलं बरंचसं एका दुभाष्यानेही साधतं. म्हणूनच माझा आग्रह आहे की नियम माणसांच्या संख्येचा नको, सलग मिनिटांचा हवा. वीस मिनिटं खुणा झाल्या की एकतर दुसरा दुभाषी, नाहीतर पाच मिनिटं पूर्ण थांबा. कारखान्यातल्या सुरक्षा प्रशिक्षणात हे सहज बसतं: वीस मिनिटं बोलणं, मग अग्निशामक हातात घेऊन प्रात्यक्षिक. तसंही कर्णबधिर कामगाराला एकाच वेळी यंत्राकडे आणि दुभाष्याकडे पाहता येत नाही.

गोदाकाठ

सलग मिनिटांचं माप मान्य. ‘तासाभराहून मोठा’ हे मी मागे घेतो. पण ‘नाहीतर थांबा’ ही पळवाट होता कामा नये. उद्या नाशिकच्या वसंत व्याख्यानमालेत दुभाषी ठेवायचे ठरले तर यशवंतराव महाराज पटांगणावर दर वीस मिनिटांनी वक्त्याला थांबवणार कोण? अध्यक्ष चिठ्ठी पाठवणार नाहीत, वक्ता रंगात आलेला असतो, आणि दुभाषी हात खाली घेण्याचं धाडस करत नाही. जिथे थांबा खरोखर पाळता येत नाही, म्हणजे व्याख्यान, न्यायालय, थेट प्रक्षेपण, तिथे दोघे अनिवार्यच.

आणि अर्थाचीही बाजू आहे. दुभाषीपणाच्या संशोधक बार्बरा मोझर-मर्सर यांनी १९९८ मध्ये तोंडी दुभाष्यांना नेहमीच्या अर्ध्या तासापलीकडे काम करू दिलं. चुका वाढत गेल्या आणि त्या स्वतःच्या लक्षातही आल्या नाहीत. हात आणि डोकं दोन्ही थकल्यावर ‘मला जमतंय’ या दुभाष्याच्या सांगण्यावर विसंबता येत नाही.

खूण_आणि_अर्थ

चुकांचा मुद्दा आमच्यासाठी सगळ्यात मोठा आहे, आणि तो दुसऱ्या दुभाष्यालाही लागू आहे. दुसरा माणूस बसून विश्रांती घेणारा नको. त्याने मंचासमोर पहिल्या रांगेत बसावं, सुटलेला आकडा किंवा नाव पहिल्याला खुणेने द्यावं, चूक दिसली तर सांगावी. आणि बदल घड्याळावर नको, विषय जिथे वळतो तिथे हवा. वाक्याच्या मधोमध माणूस बदलला की आम्हाला पुन्हा डोळे लावावे लागतात.

डावा_हात

म्हणूनच दुसऱ्याला अर्धं मानधन देणं चूक आहे. बसलेला दुभाषीही काम करतो, फक्त त्याचे हात थांबलेले असतात.

२०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत एक आग्रह आत्ताच धरायला हवा. ‘मूल हरवलं तर इथे या’, ‘या घाटावर उतरू नका’ असल्या ठराविक सूचना कर्णबधिर व्यक्तीकडूनच एकदा नीट चित्रित करून पडद्यांवर फिरत ठेवाव्यात. तीच सूचना दिवसात शंभर वेळा हातांनी करून घेण्यात काही अर्थ नाही. थेट दुभाषी फक्त नव्या, अचानक आलेल्या सूचनांसाठी, आणि तेही जोडीने.

गोदाकाठ

मग आयोजकांना एक पत्र देऊ आणि त्यात हे घालू: सलग वीस मिनिटांनंतर बदल किंवा पाच मिनिटांचा थांबा. थांबा शक्य नसेल तर दोन दुभाषी, दोघांना सारखं मानधन. नावांची यादी आणि भाषणाचे मुद्दे ४८ तास आधी. थांबवण्याची खूण कोण करणार त्या माणसाचं नाव पत्रातच, आणि तो माणूस दुभाषी नसावा.

खूण_आणि_अर्थ

आणखी एक ओळ हवी: दोन्ही दुभाषी कोण आहेत हे कर्णबधिर श्रोत्यांना आधी कळवावं, म्हणजे एखाद्याची भाषा आम्हाला समजत नसेल तर वेळेत सांगता येईल.

सातपूरकर

पत्राला हरकत नाही. तालुक्याच्या गावी दुसऱ्या दुभाष्याचा प्रवासखर्च कोणी द्यायचा ते मात्र त्यात अजून नाही. ते लिहिल्याशिवाय सटाण्याचा आयोजक यावर सही करणार नाही.