मोडीतलं नाव अंदाजाने धरू नका

जुन्या कागदांत पूर्वजांची नावं शोधणाऱ्यांना एकांनी सल्ला दिलाय की मोडी लिपीत नाव लागत नसेल तर घरच्या माहितीतलं जे जवळचं वाटेल ते धरून चला. हे अजिबात पटत नाही, मग आपल्याला हवं तेच दिसायला लागतं. आधी लिहिणाऱ्याचा हात ओळखा. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकात (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) गावाचं नाव, जात, महिने सारखे येतात, ते माहीतच असतात, त्यावरून त्या माणसाचा क, र, स कसा पडतो ते कागदावर उतरवून घ्यायचं आणि मगच नावाकडे यायचं. शब्द सलग जोडलेले असतात म्हणून आधी ‘बिन’ शोधा, त्याच्या अलीकडे मुलगा, पलीकडे बाप, बाईच्या नावात ‘कोम’ आणि पुढे नवरा. ह्रस्व-दीर्घात अडकू नका, मोडीत तो फरक पाळत नाहीत.

आणि गावच्या जुन्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे मुलं शाळेत आल्या-गेल्याची नोंदवही, जरूर बघा. आमच्याकडे ते बाळबोधीत म्हणजे देवनागरीत होतं, आजोबांच्या नावापुढे पणजोबांचं नाव स्वच्छ मिळालं आणि राघू की रामू हा घरातला जुना वाद मिटला, राघूच होते.