पाव आधी करपतो, चीज मागून वितळते

तव्यावर चीज सँडविच भाजताना चीज वितळण्याआधीच पाव करपतो, ही अडचण बहुधा आचेची आहे, चीजची नव्हे. पावाच्या बाहेरच्या बाजूंना लोणी लावून सँडविच जाड बुडाच्या तव्यावर अगदी मंद आचेवर ठेवावे आणि पहिली २-३ मिनिटे वर झाकण घालावे, म्हणजे कोंडलेल्या उष्णतेने चीज मऊ पडते आणि पाव सावकाश खरपूस होतो. आपल्याकडे सर्रास मिळणारे प्रोसेस्ड चीज यासाठी उत्तमच. त्यातील सायट्रेट किंवा फॉस्फेट क्षारांमुळे स्निग्धांश व प्रथिने एकत्र राहतात, म्हणून ते तेल न सोडता वितळते, जे जुन्या, मुरलेल्या चेडर चीजला सहसा जमत नाही.

सोबतच्या टोमॅटो सूपाबाबत मात्र माझे मत हॉटेलांतल्या पद्धतीपेक्षा थोडे वेगळे आहे. मुंबईतल्या हॉटेलांत मिळणारे कॉर्नफ्लॉर घातलेले गोडसर सूप या सँडविचसोबत जड होते. चीजच्या स्निग्धपणाला टोमॅटोचा आंबटपणाच छेद देतो, तेव्हा तो साखरेने मारू नये. जुलैच्या पावसात दादरहून भिजून घरी आल्यावर मी टोमॅटो लसणीबरोबर शिजवून, गाळून, त्यात केवळ मीठ आणि मिरपूड घालतो. सार मुद्दामच करत नाही, कारण जिरे-हिंगाची फोडणी पडली की जीव भात मागू लागतो.