दर शरदात पुन्हा पाहायचे भयपट: भीती उरते की नुसती सवय?

चकवा

संध्याकाळ लवकर पडायला लागली की मला नवीन सिनेमा लावावासा वाटत नाही. जुनेच भयपट, थरारपट काढून बसतो. यादी वर्षानुवर्षं फारशी बदललेली नाही: ‘हॅलोविन’ (१९७८), ‘द इनोसन्ट्स’ (१९६१), ‘द हाँटिंग’ (१९६३), ‘डोन्ट लुक नाऊ’ (१९७३), ‘द थिंग’ (१९८२) आणि आपला ‘महल’ (१९४९).

माझं म्हणणं असं की ज्या सिनेमाची सगळी मदार दचकवण्यावर असते तो दुसऱ्यांदा बघवत नाही. कधी दचकायचं ते कळलं, खेळ खलास. ‘द हाँटिंग’मध्ये दिग्दर्शक रॉबर्ट वाइज भूत दाखवतच नाही. भिंतीपलीकडून दणके ऐकू येतात, मग ते जाडजूड लाकडी दार आतल्या बाजूला फुगायला लागतं. पलीकडे काय आहे हे पहिल्यांदा कळलेलं नसतं आणि पुढेही कधी कळत नाही, त्यामुळे भीती शिळी होत नाही. याच गोष्टीवर १९९९मध्ये पुन्हा सिनेमा निघाला. त्यात संगणकाच्या करामतींनी सगळं उघडं करून दाखवलंय. तो मी एकदा पाहिला, पुन्हा हात लावलेला नाही.

‘इनोसन्ट्स’चं तर वेगळंच. सिनेमास्कोपची चौकट अघळपघळ रुंद, म्हणून छायालेखक फ्रेडी फ्रान्सिसने कडांना रंग दिलेले फिल्टर लावून बाजू काळवंडून टाकल्या. पहिल्यांदा बघताना नजर डेबोरा करच्या चेहऱ्यावरून हलत नाही. नंतरच्या खेपांना ती आपोआप त्या काळ्या कडांकडे जाते, आणि तळ्यापलीकडच्या लव्हाळ्यात उभी असलेली ती बाई जास्तच नकोशी वाटते.

तुमच्या याद्या टाका. पटत नसेल तर भांडा. रहस्यं फुटणार आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

खुसपट

भांडतोच. तुम्ही जिला भीती म्हणताय ती भीती नव्हे. पाठ झालेला भयपट ही गोधडी असते, अंगावर ओढून घ्यायची. त्यात वाईट काही नाही, मीही ओढतो. पण त्याला भीतीचा दर्जा देऊ नका.

आणि दचकण्याला इतकं हलक्यात का काढता? ‘सायको’ (१९६०) आठवा. सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नका, असा दिग्दर्शक हिचकॉकचा थिएटरवाल्यांना आग्रह होता. कारण जिला आपण नायिका समजून बसलोय ती अर्ध्याच्या आतच मरते. त्या पहिल्या प्रेक्षकांच्या पायाखालची जमीन जशी सरकली असेल तशी आपली कधीच सरकणार नाही, आपल्याला न्हाणीघरातला प्रसंग सिनेमा बघण्याआधीच ठाऊक असतो. धक्का एकदाच बसतो म्हणूनच तो मोलाचा. दर वर्षी तेच सहा सिनेमे बघणारा माणूस सहा नव्या धक्क्यांना मुकतो, एवढा साधा हिशोब आहे.

पडदानशीन

दोघांनाही नाही म्हणते. पुन्हा बघायचा तर थरारपट बघावा.

हिचकॉकचंच ते प्रसिद्ध उदाहरण घ्या. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि आपल्याला पत्ता नाही, तर स्फोट झाल्यावर क्षणभर दचकणं, बस. बॉम्ब आहे हे आपल्याला माहीत आहे पण टेबलाशी गप्पा मारणाऱ्यांना नाही, तर ती सगळी गप्पांची मिनिटं जीव खातात. दुसऱ्यांदा सिनेमा बघणारा प्रत्येक जण या दुसऱ्या जागी बसलेला असतो. बॉम्ब त्याला ठाऊक असतो.

‘व्हर्टिगो’मध्ये (१९५८) तर त्याने हे पहिल्याच खेपेला करून टाकलं. बोआलो-नार्सजाक या जोडगोळीच्या ज्या कादंबरीवरून तो घेतलाय तिच्यात रहस्य शेवटपर्यंत झाकलेलं आहे. हिचकॉकने मात्र ते बरंच आधी फोडलं. तिथून पुढे ‘ही कोण आहे’ हा प्रश्नच उरत नाही. ‘याला कळलं की हा काय करेल’ हा उरतो, आणि तो जास्त छळतो. गंमत म्हणजे दिग्दर्शक क्लूझोचा ‘ले दियाबोलिक’ (१९५५) याच जोडगोळीच्या दुसऱ्या कादंबरीवरून आला, आणि त्याने नेमकं उलट केलं. सिनेमा संपल्यावर पडद्यावर विनंती येते की शेवट मित्रांना सांगू नका. मी दोन्ही पुन्हा पुन्हा पाहिलेत. ‘दियाबोलिक’ दुसऱ्यांदा बघताना कोण कुणाकडे कसं बघतंय यावर लक्ष ठेवा, सगळं उघड्यावर ठेवलेलं आहे.

सरळरेघ

चकवा, ‘न दाखवण्यात भीती’ हा तुमचा सिद्धांत, आणि यादीत ‘द थिंग’? त्यातला परग्रहावरचा प्राणी घडवणाऱ्या रॉब बॉटिनने काय दाखवायचं शिल्लक ठेवलंय? छाती उघडून जबड्यासारखी मिटते आणि डॉक्टरचे हात तोडते. मुंडक्याला पाय फुटून ते चालू लागतं. सगळं भरपूर उजेडात. एक काहीतरी ठरवा.

रक्तमांस दिसलं की सिनेमा हलका, हा सोवळेपणा मला भयपटाच्या रसिकांत फार दिसतो.

चकवा

सोवळं नाही हो. ‘थिंग’मध्ये कुणाचंही सोंग घेणारा तो प्राणी दिसतो, पण तो कधी आणि कुणात शिरला हे दिसत नाही. सुरुवातीलाच तो कुत्रा मोकाट फिरत एका खोलीत जातो. भिंतीवर माणसाची फक्त सावली, ती वळते, आणि दृश्य कापलं जातं. कोण होता तो? अंटार्क्टिकावरच्या त्या तळावर पुढे जे काही बिनसतं ते या सावलीपासून. मी दर वेळी नव्याने संशयितांची यादी करतो आणि ती दर वेळी वेगळी निघते.

अजून एक. त्या कुत्र्याचा पाठलाग करणारा नॉर्वेचा माणूस ओरडून सांगत असतो की हा कुत्रा नाही, कुत्र्याचं सोंग घेतलेलं काहीतरी आहे. ज्याला नॉर्वेजियन येतं त्याला आख्खं रहस्य पहिल्या काही मिनिटांत कळतं. तरी सिनेमा चालतोच.

खुसपट

म्हणजे कोडं सोडवायला बसता. वही-पेन्सिल घेऊन बसणाऱ्याला भ्यालेला कसं म्हणायचं?

सूरपारंबी

खुसपट, तुमच्या हिशोबात कान धरलेलाच नाही.

‘हॅलोविन’ संगीताशिवाय एका स्टुडिओतल्या बाईंना दाखवला तर त्या अजिबात घाबरल्या नाहीत, असं खुद्द दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने लिहून ठेवलंय. मग त्याने स्वतःच संगीत केलं. पियानोवरचा तो पाच मात्रांचा तुकडा, पाय ठेवायला जावं तर जमीन नाही, असा. चित्र तेच, फक्त सूर चढले, आणि लोक खुर्चीत आक्रसले. ‘सायको’चंही तेच. न्हाणीघरातला प्रसंग हिचकॉकला आधी संगीताविना हवा होता. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरी व्हायोलिनं किंचाळायला लावली, आणि ती ऐकल्यावर हिचकॉकने विचार बदलला. आख्ख्या सिनेमाला फक्त तंतुवाद्यं आहेत, एकही फुंकवाद्य नाही.

डोक्याला शेवट माहीत असतो. मानेवरच्या केसांना नसतो. आवाज बंद करून ‘हॅलोविन’ बघा, मग गोधडी-गोधडी म्हणा.

धुकेरी

मला मूळ शब्दच खटकतोय, शरद. ऋतूचं हे काय खूळ? ‘थिंग’ सगळा बर्फात. ‘द शायनिंग’ही (१९८०) तसाच. थंडी कडक पडल्यावर बघा की.

आणि ज्या पानगळीवर तुम्ही भाळलाय ती खोटी आहे. ‘हॅलोविन’चं चित्रीकरण वसंतात झालं, तेही कॅलिफोर्नियात. पैसे नव्हते, म्हणून रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करायची, पुढच्या शॉटला परत पसरायची. कथा इलिनॉयमधली, पण डोळे उघडे ठेवले तर मागे पामची झाडं दिसतात. त्यातल्या खुन्याचा, मायकेल मायर्सचा, तो मुखवटासुद्धा मुळात ‘स्टार ट्रेक’वाल्या विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा, पांढरा रंग फासलेला.

याच्या बरोबर उलट ‘द विकर मॅन’ (१९७३). कथा वसंतातली, मे महिन्याच्या उत्सवाची, आणि चित्रीकरण ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं. झाडांना खोटा मोहोर चिकटवला, आणि तोंडातून वाफ दिसू नये म्हणून नट बर्फ चोखत होते. आता सांगा, यातला शरदातला सिनेमा कुठला?

चकवा

दोन्ही! ‘विकर मॅन’मधल्या फुलाफळांच्या आनंदात काहीतरी कुजल्यासारखं वाटतं ते यामुळेच असेल. सिनेमा म्हणतो वसंत, पण उजेड शरदातलाच आहे.

(अवांतर: ब्रिटनमध्ये तो प्रदर्शित झाला तो ‘डोन्ट लुक नाऊ’ला जोडून. एकाच तिकिटात हे दोन. घरी कसे गेले असतील लोक?)

‘डोन्ट लुक नाऊ’साठी मात्र ऋतूचा आग्रह सोडणार नाही. हंगाम संपलेलं व्हेनिस, हॉटेल बंद व्हायच्या बेतात, खुर्च्यांवर चादरी. हा सिनेमा भर उन्हाळ्यात लावून बघा, अर्धा मरतो.

अंधारकोठडी

हिंदीबद्दल कुणी बोलेना म्हणून मी. ‘महल’ ठीक, पण आपल्या जुन्या भुताच्या सिनेमांची एक खोड आहे. ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वो कौन थी?’ (१९६४), दोन्हींत धुकं, पांढरी साडी, दुरून येणारं गाणं, आणि शेवटी सगळं माणसांचंच कारस्थान. एकदा ते कळलं की पुन्हा बघताना पांढऱ्या साडीत भूत दिसत नाही, पगारी नटी दिसते. चकवांचा निकष लावला तर हे पहिल्या फेरीत बाद.

मला पुन्हा बघवतात ते दोन. यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ (१९६९), एकही गाणं नाही, जवळजवळ सगळा एका घरात आणि एका रात्रीत. आणि ‘कौन’ (१९९९), घर एक, माणसं तीन, बाहेर पाऊस. ऊर्मिलाचा चेहरा दुसऱ्यांदा बघा फक्त.

सूरपारंबी

‘महल’लाही तोच शेवट आहे की. तरी तो टिकतो, कारण तिथे गाणं कथेत घुसडलेलं नाही, गाणंच भूत आहे. खेमचंद प्रकाशांनी आवाज लांबून जवळ येतोय असं भासवायला लताबाईंना माइकपासून दूर उभं करून गात गात पुढे यायला लावलं, असं सांगतात. शेवट कळल्यावरही तो आवाज माणसाचा वाटत नाही, करा काय करायचं ते.

पडदानशीन

खुसपट, सहा नव्या सिनेमांच्या तुमच्या हिशोबाला एक उदाहरण देते. ‘तुंबाड’ २०१८मध्ये आला, २०२४च्या सप्टेंबरात पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. सगळ्यांना गोष्ट ठाऊक होती.

खुसपट

सगळ्यांना नव्हती. पहिल्या वेळी थिएटरात तो चुकलेले किती तरी जण या दुसऱ्या वेळी गेले, म्हणजे त्यांचा तो पहिलाच धक्का. आकडा माझ्या बाजूनेही वाचता येतो.

आवाजाचा मुद्दा मात्र टोचला, विचार करतो. आणि अंधारकोठडी, ‘इत्तेफाक’ मी पाहिलेला नाही, तर उद्या तो. खून कुणी केला हे तोवर कुणीही इथे लिहायचं नाही.

सरळरेघ

लिहिलं तरी बघाल की. पडदानशीन म्हणतात तसं, बॉम्ब माहीत असलेला बरा.