मदत हवी आहे: स्किझोफ्रेनिया असलेल्या भावासाठी कोर्स सुचवा (सातारा)

मृद्गंध_सा
धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. टॅलीचा क्लास लावला होता. परवा सरांचा फोन आला, उद्यापासून पाठवू नका, बाकीची मुलं बुजतात. फी परत देतायत, मला फी नकोय. साताऱ्यात किंवा ऑनलाइन, त्याला जमेल आणि ज्याच्या सर्टिफिकेटवर नोकरी लागेल असा कोर्स कुणाला माहीत आहे का? सोमवारपर्यंत दुसरीकडे नाव घालायचंय. पुन्हा घरी बसला तर अंथरूण धरेल. कृपया 'डॉक्टरांना विचारा' एवढंच लिहू नका, डॉक्टर चालू आहेत.

केदार७९
वय? शिक्षण? क्लासमध्ये नेमकं काय घडलं? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सुचवायचं कशाच्या जोरावर?

रानजाई
एमएस-सीआयटी करून घ्या. सरकारी नोकरीला मागतातच. माझ्या नणंदेच्या मुलाने केलं, त्यालाही असाच मानसिक त्रास होता, आता छान आहे.

मृद्गंध_सा
वय ३१. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सुटलं, तेव्हापासून आजार. गेली दोनेक वर्षं अ‍ॅडमिट करावं लागलेलं नाही. क्लासमध्ये काहीही केलं नाही त्याने. झोपतो. एकदा पुटपुटत होता म्हणे. एमएस-सीआयटी कधीच झालंय.

सावली
क्लास किती वाजता असतो? रात्री कोणती गोळी आहे? माझा मुलगाही याच आजाराचा आहे, म्हणून विचारते.

मृद्गंध_सा
सोम-बुध-शुक्र, सकाळी ८ ते १०. क्लोझापिन रात्री जेवणानंतर, म्हणजे अकराच्या सुमारास. क्लासच्या आदल्या रात्री बाबा अर्धीच देतात, नाहीतर तो उठतच नाही. पण माझा प्रश्न कोर्सचा आहे.

परिचारिका_मी
ताई, कोर्स नंतर. मी मनोविकार विभागात नोकरी करते. क्लोझापिन अशी एका रात्री पूर्ण, एका रात्री अर्धी द्यायची गोळी नाही. आजार उसळू शकतो. आणि दोन दिवसांहून जास्त पूर्ण चुकली तर नेहमीचा डोस तसाच परत सुरू करत नाहीत, डॉक्टर अगदी कमीपासून पुन्हा चढवत नेतात. झोपेवर उपाय असतात: गोळी आधी घेणं, डोस वेगळा विभागणं. पण ते ठरवणार डॉक्टर. आजच फोन करून त्यांना अर्ध्या गोळीचं सांगा. सकाळी आठचा क्लास हा क्लोझापिन घेणाऱ्या माणसासाठी कठीणच. तो आळशी नाही.

अरण्यवाट
औषधांनीच मुलं सुस्त होतात. इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करू द्या, माझं आयुष्य बदललं.

परिचारिका_मी
अरण्यवाट, तुमचा अनुभव तुमच्यापाशी खरा असेल. पण गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी ते शिबिर करू नये, असं विपश्यना केंद्रंच सांगतात. अर्जातही आजाराबद्दल विचारतात. इथे कुणी वाचून मुलाला घेऊन निघेल, म्हणून लिहिलं.

हिशेबनीस
भाऊ बाबांवर अवलंबून असेल तर आयकरातली अपंग अवलंबितासाठीची वजावट (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडी) बघा. ४०% अपंगत्वाला ७५,००० आणि ८०% पासून पुढे १,२५,००० वजावट. मात्र जुन्या करप्रणालीतच. शिवाय निरामय आरोग्य विम्यात त्याचं नाव घाला.

केदार७९
निरामय लागू नाही. ती योजना राष्ट्रीय न्यासाची. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढंच येतं. स्किझोफ्रेनियाला आधार आहे तो २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा, मानसिक आजार त्यातल्या २१ प्रकारांत आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, तपासणी जिल्हा रुग्णालयात. स्वतःची काळजी, माणसांत वावर, संवाद आणि समज, काम, यांना गुण देतात, आजार किती वर्षं आहे तेही धरतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर सरकारी नोकरीतलं ४% दिव्यांग आरक्षण लागू होऊ शकतं.

रानजाई
आयुष्यभराचा शिक्का कशाला मारून घ्यायचा? उद्या लग्नाचं बघाल तेव्हा कळेल.

सावली
शिक्का क्लासवाल्यांनी विना कार्डच मारला ना? निदान कार्ड असलं तर काहीतरी मागता तरी येतं. मृद्गंध, पुण्यात धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं पुनर्वसन केंद्र आहे, ठाण्याला आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आहे. तिथे दिवसभराचा क्रम, हाताला काम आणि आपल्यासारख्या घरच्यांचे गट. माझा मुलगा पुण्यातल्याच एका केंद्रात सावरला.

मृद्गंध_सा
साताऱ्याहून रोज पुणं कसं करणार? डॉक्टरांना गोळीचं सांगितलं, ते बाबांशी बोलले. आता पूर्णच देतायत, वेळ बदलून दिलीय. पण कोर्सचं कुणीच सांगत नाहीये.

दुपारपाळी
मी सांगतो. मला स्वतःला हा आजार आहे, बरीच वर्षं गोळ्या घेतो आणि एका गोदामात हिशेबाचं काम करतो.

कोर्स कुठला यापेक्षा तो कसा शिकवला जातो त्यावर सगळं ठरतं. आजारात ऐकू येणारे आवाज कमी झाले तरी लक्ष लगेच परत येत नाही. सरांनी एका दमात चार पायऱ्या सांगितल्या की मला पहिली आणि चौथी आठवायची. डोकं चालत नाही असं नव्हतं, हातात धरून ठेवता यायचं नाही. मला उपयोगी पडलं ते असं. प्रत्येक गोष्टीच्या पायऱ्या वहीत, एका ओळीत एकच. सरांनी एकदा करून दाखवायचं, लगेच मी करायचं, चुकण्याआधीच त्यांनी थांबवायचं. चुकीचं एकदा बसलं की ते पुसायला मला फार वेळ लागतो. दोन तासांऐवजी पाऊण तास. भिंतीकडची खुर्ची, पाठीमागे कुणी नको, कारण मागे कुणी हसलं की ते मलाच हसले असं वाटायचं. न विचारता बाहेर जाऊन यायची मुभा. ही मुभा मिळाल्यावर मी बाहेर जाणंच कमी झालं.

पुटपुटण्याचं म्हणाल तर कानात इअरफोन घालून हळू आवाजात गाणं लावलं की माझं बरंच कमी होतं. सगळ्यांना चालेल असं नाही.

आणि टॅली कुणी निवडलं? त्याने?

मृद्गंध_सा
बाबांनी. त्याला विचारलं तर 'बघू' म्हणतो. त्याला कशातच रस नाही. संध्याकाळी चुलतकाकांच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसतो तेवढंच.

केदार७९
बसतो म्हणजे नुसता बसतो?

मृद्गंध_सा
स्पायरल बायंडिंग करतो. परीक्षेच्या दिवसांत प्रोजेक्टच्या फाइली असतात त्या सगळ्या तोच करतो, काका चहापुरते पैसे देतात. पण त्याला काय नोकरी म्हणायची?

दुपारपाळी
ताई, रोज आपल्या पायांनी जातो तिथे. रस नाही कसा?

केदार७९
अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये १९९० च्या दशकात यावर एक पद्धत उभी राहिली. आधी वर्षभर प्रशिक्षण मग नोकरी, हा क्रमच त्यांनी उलटा केला. माणसाला हवं ते खरं, पगारी काम लवकर शोधायचं आणि शिकवणं त्या कामावर. नोकरी मिळवून देणारा माणूस उपचार करणाऱ्यांच्या चमूतलाच, कामाला लागल्यावरही पाठीशी राहतो. अनेक देशांत तुलना झाल्या. आधी प्रशिक्षण घेणाऱ्यांपेक्षा या मार्गाने जास्त लोक खुल्या बाजारातल्या नोकरीत गेले.

सावली
वाचायला छान आहे, पण साताऱ्यात तो पाठीशी राहणारा माणूस कोण? तो पगार कोण देणार? आपल्याकडे घरचेच सगळं करतात. माझ्या मुलाला थेट दुकानात ठेवलं होतं, गिऱ्हाईक ओरडलं आणि तो कितीतरी दिवस खोलीबाहेर आला नाही. केंद्रात मेणबत्त्या बनवण्यापासून सुरुवात केली म्हणून आज उभा आहे. सगळ्यांना उडी मारायला सांगू नका.

दुपारपाळी
मलाही केंद्रात मेणबत्त्याच दिल्या होत्या. माझं बीकॉम झालेलं होतं. तिथली माणसं फार प्रेमळ, पण मी हिशेब मागत होतो आणि तो कुणी देत नव्हतं. दोन्ही खरं असू शकतं, सावलीताई. त्याला काय झेपतं आणि काय हवंय ते त्याच्याकडूनच यायला हवं.

सावली
हे मान्य.

रानजाई
बायंडिंगच करायचंय तर तेच मशीन घरी घेऊन द्या. बाहेर जायची कटकटच नको.

परिचारिका_मी
नको हो. बाहेर पडणं, चार माणसं दिसणं, ठरलेल्या वेळी पोचणं, तिथे हेच तर मिळतंय त्याला.

मृद्गंध_सा
काल त्याला बाबा नसताना विचारलं. टॅली नको म्हणाला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मुखपृष्ठं बनवायला शिकायचंय, काकांचा मुलगा करतो ते बघून थोडं येतं म्हणाला. एवढं तो बऱ्याच दिवसांनी बोलला. दुपारी दोन ते चार दुकान रिकामं असतं. काकांना विचारणार आहे, पण त्यांना आजाराचं नाव माहीत नाही, 'डिप्रेशन' एवढंच सांगितलंय. खरं सांगायचं का?

केदार७९
सांगून टाका. लपवलेलं कधीतरी फुटतंच.

दुपारपाळी
थांबा, हे तुम्ही ठरवू नका, मीही नाही. त्याला विचारा. माझ्या मालकांना आजाराचं नाव आजही माहीत नाही. सूचना लिहून लागतात, दुपारची पाळी लागते आणि महिन्यातून एकदा दवाखान्यासाठी सुट्टी लागते, हे माहीत आहे. काकांकडे बोलायला जाल तेव्हा त्यालाही बरोबर न्या. पायऱ्या लिहायला काकांच्या मुलाला सांगा, पण अक्षर भावाचं असू द्या. आणि चहापुरते पैसे नकोत, एका फाइलीमागे किती ते आधीच ठरवून घ्या.

मृद्गंध_सा
फाइलीमागे साधारण किती ठरवावेत? कुणाचं झेरॉक्सचं दुकान असेल तर सांगा.